आईची मॉरिस आणि दादाचं खोकं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्या घरी १९६० सालची मॉरिस मायनर १००० ही छोटी ब्रिटिश मोटार आहे. आईनं ती १९७४ मध्ये सेकंडहँड घेतली आणि पुढे तीस वर्षं स्वतः चालवली. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी ती नीट करायला काढली, तेव्हापासून ती ठोकळ्यांवरच उभी आहे. दादाचं म्हणणं, लावायचं तर कंपनीचंच, नाहीतर गाडीत राहिलं काय? त्यानं शोधाशोध करून ब्रेकच्या सामानाचं एक जुनं, न उघडलेलं खोकं मिळवलंय. चाकांवरची सहा व्हील सिलिंडर, पेडल दाबलं की त्यांच्याकडे तेल ढकलणारं मास्टर सिलिंडर, ब्रेक शू, होज (रबरी नळ्या), सगळं त्या काळच्या पॅकिंगमध्ये. मेकॅनिक म्हणतो, हे बसवू नका, सगळं नवं रिप्रॉडक्शन घ्या, म्हणजे जुन्या भागाबरहुकूम आज बनवलेलं. पुढची मडगार्डं सडलीत, तीही फायबरची टाका, गाडी महिन्याभरात रस्त्यावर येईल. फायबरचं नाव काढलं तरी दादा चिडतो. डावा हेडलाइट आईनं १९७९ मध्ये बदलला होता, तो उजव्यापेक्षा पिवळट दिसतो, म्हणून दादाला तोही काढायचाय. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ब्रेक लागले पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही बघा." मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ते खोकं जरूर उघडा, पण त्यातलं रबर गाडीत जाऊ देऊ नका. मेकॅनिकचं एवढं म्हणणं आजच मान्य करून टाका. त्याच्या बाकीच्या म्हणण्याकडे, आणि दादांच्याही, आपण सावकाश येऊ.

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीसाठी मी असंच एक व्हील सिलिंडर मिळवलं होतं. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे ते कित्येक वर्षं पडून होतं. मेणकागदात गुंडाळलेलं, वर पार्ट नंबरची पिवळी पडलेली चिठ्ठी. कागद उलगडला तर आत धातू आरशासारखा. पिस्टन बोटानं ढकलला, सुळकन सरकला. तेल अडवणारा रबरी कप काळाकुळकुळीत, कुठे भेग नाही. मी हरखून गेले आणि तसंच बसवून टाकलं. तीन आठवड्यांनी सकाळी टायरच्या आतल्या बाजूला एक ओला ओघळ दिसला. पाणी असेल म्हणून बोट लावलं, तर बुळबुळीत. ब्रेक ऑईल. आत बसून पेडल दाबलं, तर ते हळूहळू जमिनीपर्यंत गेलं. गाडी फाटकाच्या आत उभी होती म्हणून निभावलं. नंतर तो कप काढून मी दोन बोटांत दुमडला, तेव्हा त्याच्या कडेला केसासारख्या भेगा उघडल्या. सोडला की त्या पुन्हा मिटायच्या आणि कप परत नवाकोरा दिसायचा.

रबराचं वय ते बनलं त्या दिवसापासून मोजायचं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन खोक्यातल्या रबरालाही सोडत नाहीत. ते कडक होतं, त्याची लवचीक कड बोथट होते, आणि सिलिंडरच्या भिंतीला दाबून बसण्याचं त्याचं एकमेव काम त्याला जमेनासं होतं. ब्रेकचे होज, फॅनबेल्ट, इंजिनाचे माउंटिंग, दारांची रबरं, टायर, सगळ्यांना हेच लागू. टायरवर निदान तारीख असते. २००० सालापासून बाजूच्या भिंतीवर चार आकडे छापलेले सापडतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्याही आधीचा, मग त्याची नक्षी कितीही खोल असो, तो गाडीखाली ठेवू नका.

तुमच्या मायनरच्या बाबतीत मी जरा जास्तच आग्रह धरते आहे, त्याला कारण आहे. तिच्या पुढच्या चाकांना दोन-दोन आणि मागच्यांना एकेक अशी सहा सिलिंडरं आहेत आणि सगळ्यांना तेल पुरवणारी लाईन एकच आहे. अलीकडच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक गेली तरी दुसरीवर गाडी थांबते. इथे सहांतलं एक सिलिंडर गळलं की पायातला सगळाच ब्रेक जातो, हातात उरतो तो हँडब्रेक. शिवाय मास्टर सिलिंडर बसलंय ड्रायव्हरच्या पायाखाली, बॉडीलाच जोडलेल्या पोकळ दांड्यात, आणि त्याचे बोल्ट काढायला टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंगसारखी पिळणारी दांडी, आडवी येते. एकदा बसवलेलं पुन्हा काढायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तिथे जुना कप घालून नशीब आजमावू नये.

खोक्यातले ब्रेक शू दिसायला निरुपद्रवी असतात, पण मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. शूवर चिकटवलेल्या, ड्रमला घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनरमध्ये, त्या काळी ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. ही गाडी ज्या देशात बनली त्या ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ साली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही शूवर किंवा क्लचप्लेटवर ते असू शकतं हे धरूनच चालायचं. शू घासू नका, ड्रिल मारू नका. आता गाडीवर आहेत ते जुने ड्रम उघडताना हवेच्या नळीनं धूळ उडवू नका. ओल्या फडक्यानं टिपून ते फडकं पिशवीत बंद करा. ही धूळ छातीत गेली तर तिचा त्रास कित्येक वर्षांनी उमटतो, आणि तेव्हा इलाज फारसा उरत नाही.

म्हणजे दादांची मेहनत पाण्यात गेली का? मुळीच नाही. रबर म्हातारं होतं, पण कोरडं राहिलेलं ओतीव लोखंड साठ वर्षांनीही जसंच्या तसं असतं. सातही सिलिंडरं पूर्ण उघडा. आतली भिंत उजेडाकडे धरून बघा. गंजाचे खड्डे नसतील तर हलकं होनिंग करून, म्हणजे भिंत बारीक घासून गुळगुळीत करून, आजच्या ताज्या रबरांचा किट घालून ती वापरा. खड्डे असतील तर आतलं भोक मोठं करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी (स्लीव्ह) बसवून मूळ मापाला आणता येतं. बाहेरून सिलिंडर तेच, त्यावरचा ठसा तोच, आत काम करणारा भाग मात्र नवा. शूचंही तसंच. लोखंडी शू ठेवा आणि ज्यांच्याकडे ॲस्बेस्टॉस काढण्याची नीट सोय आहे अशांकडून ॲस्बेस्टॉसविरहित नवं लायनर चढवून घ्या. होज मात्र सरळ टाकून द्या, त्यांत वाचवण्यासारखं काही नाही.

धातू दादांचा आणि रबर मेकॅनिकचं, असं हे जमतं. तुमच्या पत्रात दोनच रस्ते होते, जुनं ओरिजिनल किंवा नवं रिप्रॉडक्शन. जुनंच दुरुस्त करून वापरणं हा तिसरा रस्ता कुणालाच आठवला नव्हता, आणि मला विचाराल तर बहुतेक भागांसाठी आधी तोच पाहायचा असतो. कार्बुरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलजवळ हवा ओढत असेल तर नवा बुश बसतो. बंपरचं क्रोम उडालं असेल तर तांबं, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवून तोच बंपर उजळतो. नव्या भागांची जाहिरात होते, दुरुस्तीची सहसा कोणी करत नाही, म्हणून हा रस्ता नजरेतून सुटतो.

आता दादांचं वाक्य घेते. लावायचं तर कंपनीचंच. पण कुठल्या कंपनीचं? तुमच्या गाडीचे ब्रेक मॉरिसनं बनवलेले नाहीत, ते लॉकहीडचे. डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर आणि दिवे लुकासचे. स्पीडोमीटर स्मिथ्सचा. मोटारकंपनी हे सामान बाहेरून घ्यायची, आणि पुढे तोच भाग कधी तिच्या खोक्यातून तर कधी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातून विकला जायचा. बेअरिंगचं तर आणखी सोपं. कडेवर कोरलेला नंबर वाचा. ६२०४ असेल तर आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४, जगात कुठेही. चांगल्या नावाचं आजचं बेअरिंग आणि १९६० चं बेअरिंग यांत मापाचा काडीचाही फरक नाही. त्यासाठी गाडीच्या नावाचं जुनं खोकं शोधत बसणं म्हणजे नुसता कालापव्यय. ऑईल सीलचंही तसंच. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी घेऊन जा, गाडीचं नाव सांगायचीसुद्धा गरज पडत नाही.

इंजिनाचं उदाहरण तर दादांनाही आवडेल. तुमचं ९४८ सीसीचं इंजिन ए-सीरिज घराण्यातलं. हे घराणं १९५१ साली ऑस्टिनच्या छोट्या गाडीत सुरू झालं आणि मिनीमध्ये थेट २००० सालापर्यंत चाललं. समजा, त्यातला एखादा समाईक भाग १९९५ साली मिनीसाठी बनला आणि तुमच्या इंजिनात चपखल बसला, तर तो ओरिजिनल की बिगर-ओरिजिनल? मला याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि देता येत नाही याची खंतही वाटत नाही.

आणि मायनर जन्मली कशी, ते आठवून पाहा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती बेतली, नमुना तयार झाला, आणि उत्पादनाच्या तोंडावर त्यांना ती अरुंद वाटली. त्यांनी गाडी मधोमध उभी कापून दोन भाग सरकवून पाहिले आणि रुंदी चार इंचांनी वाढवायचं ठरवलं. बंपर तोवर अरुंद मापाचे तयार झाले होते. म्हणून १९४८ च्या सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मध्ये कापून चार इंचांची पट्टी घालून लांब केलेले आहेत. बोनेटच्या मधोमध दिसणारा सपाट उंचवटाही त्याच चार इंचांची खूण. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. ज्या शुद्ध मूळ रूपासाठी आपण जिवाचा आटापिटा करतो, ते मूळ रूप कारखान्यातच ठिगळ लावून बाहेर पडलं होतं, आणि आज ते ठिगळ असलेला बंपर लोक जपून ठेवतात.

दादा अगदीच चुकीचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. रिप्रॉडक्शनबद्दलची त्यांची नाराजी पुष्कळ ठिकाणी रास्त आहे. प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घ्या. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, वर पितळेची पट्टी. हजारो व्होल्टचा दाब त्या पट्टीतून प्लगांकडे जायचा असतो. हलक्या प्रतीच्या नव्या रोटरमध्ये पट्टी बसवणारा रिव्हेट खालच्या दांड्याच्या फार जवळ जातो आणि मधलं प्लास्टिकही कच्चं असतं. एक दिवस ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी आरपार दांड्यात उतरते आणि गाडी चालता चालता गप्प होते. बाहेरून रोटर ठणठणीत दिसतो. जुन्या गाड्या चालवणाऱ्यांना हा इतका छळ झाला की मुद्दाम रिव्हेट नसलेले, चांगल्या मालाचे रोटर बनू लागले. कंडेन्सरचीही तीच रड. गार असताना गाडी झकास, तापली की ठसके देऊन बंद. गंमत म्हणजे कंडेन्सरमध्ये जुना न वापरलेला मालही भरवशाचा नाही, कारण आतल्या कागदाला वर्षानुवर्षांचा दमटपणा लागलेला असतो. म्हणून जुना रोटर किंवा कंडेन्सर चालू स्थितीत असेल तर नवा बसवल्यावर तो फेकू नका, डिकीत ठेवा. रस्त्यात तोच घरी आणतो.

तेव्हा रिप्रॉडक्शन म्हणजे नकली, हे समीकरण मोडा, आणि नवं म्हणजे चांगलं, हेही. दुसऱ्याच्या नावाचं खोकं छापून विकतात तो माल नकली. आपलं नाव लावून, मूळ भाग मोजून, योग्य धातू वापरून कोणी आज तो भाग बनवत असेल तर तो कारागीर आहे, आणि त्याच्यामुळेच या गाड्या चालत्या राहिल्यात. विकणाऱ्याला विचारा: बनवला कुणी? धातू कोणता, रबर कोणतं? न बसल्यास परत घ्याल का? ज्याला स्वतःचा माल माहीत असतो तो या प्रश्नांनी वैतागत नाही. भाग हातात आला की जुना शेजारी ठेवून दोन्हींचं वजन हातानं पाहा, मापं घ्या, नळीच्या नटाचे आटे बोटानं फिरवून बघा, सिलिंडरच्या आत लोखंडाचा कीस राहिलेला नाही ना ते बघा. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा घेताना इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारं रबर आहे का, हे खास विचारा. जुन्या प्रकारचं रबर त्यात मऊ पडतं किंवा तडकतं, आणि गळती गरम इंजिनाजवळ होते. इथे ओरिजिनलचा हट्ट धरणं म्हणजे आगीला निमंत्रण.

याउलट रबर नसलेले धातूचे भाग जुन्या खोक्यातून मिळाले तर डोळे झाकून दादांच्या बाजूनं उभे राहा. पुढच्या सस्पेन्शनचा खालचा ट्रनियन हा मायनरचा नाजूक अवयव. आट्यांवर फिरणारा हा सांधा ग्रीसवर जगतो. ग्रीस चुकलं की आटे झिजतात, शेवटी पाय सुटतो आणि चाक मडगार्डाखाली आडवं होतं. तिथे त्या काळच्या पोलादाचा, नीट कडक केलेला भाग मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. गिअर, व्हॉल्व्ह, दारांच्या मुठी, स्विच, बिजागऱ्या यांचंही तसंच. गंज नाही एवढं पाहायचं.

आता मडगार्डं. मायनरची पुढची मडगार्डं बोल्टवर बसतात, मध्ये बीडिंगची पट्टी असते, आणि गाडीचा भार त्यांच्यावर नसतो. त्यामुळे फायबरची बसवल्यानं गाडी धोकादायक होत नाही आणि पुढे कधीही बदलता येतात. मेकॅनिकनं अगदीच भलतं काही सुचवलेलं नाही. तरी मी फायबर पहिल्या झटक्यात घेणार नाही. सडतं ते बहुधा खालच्या कडेला आणि दिव्याच्या मागे, जिथे चिखल साचून बसतो. सडका भाग कापून तिथे नवा पत्रा जोडणारा चांगला कारागीर मिळाला तर निम्म्याहून जास्त मूळ मडगार्ड वाचतं. ते साधलं नाही तर पत्र्याचं रिप्रॉडक्शन घ्या, आणि ते जुन्या साच्यावर दाबलेलं आहे की नव्यानं, हे विचारा. फरक पडतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं १९८८ साली एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारची अख्खी नवी बॉडी मूळ साच्यांवरून काढायला घेतली, ती लोकांनी उचलून धरली ती याच कारणानं. साचा मूळ असला की दाराची फट जुळते. साचा कसलाही असो, रंग लावायच्या आधी मडगार्ड बोल्ट कसून, बीडिंग घालून, बोनेट आणि दार उघडून-मिटवून पाहायचंच. रंगानंतर घासून जुळवणं म्हणजे रडारड. फायबरच घेतलीत तर एक लक्षात ठेवा. दिव्याची अर्थिंग पत्र्यातून होत असेल तर फायबरमध्ये ती होणार नाही, वेगळी वायर ओढावी लागेल.

पण खरं सांगू? मडगार्डांवरून दोन वर्षं गेली आणि खालच्या पत्र्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. या गाडीला वेगळी चौकट नाही, बॉडीच भार पेलते. दारांखालच्या पेट्या, मधला आडवा दांडा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार, जमीन, हे पेचकस टोचून टोचून तपासा. कुठे कुजलं असेल तर तिथे ओरिजिनल शोधायचा नाही आणि वरून झाकणपट्टी मारायची नाही. कापायचं आणि पुऱ्या जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा. तो पत्रा कोणी बघणार नाही, पण गाडीतल्या माणसांचा जीव त्याच्यावर असतो.

डावा दिवा. तो काढू नका असं माझं मत आहे, एका अटीवर. रात्री भिंतीपासून काही पावलांवर गाडी उभी करून दोन्ही दिवे लावा. डावा नुसता पिवळट असेल आणि झोत धारदार असेल तर राहू द्या. झोत फिसकटलेला असेल तर आतला रिफ्लेक्टर काळवंडलाय. त्याला नवा मुलामा मिळतो, किंवा सात इंचांचा दिवा अजूनही सर्रास मिळतो. दादांच्या लेखी तो चुकीचा दिवा आहे. पण १९६० पासून १९७४ पर्यंतची ही गाडी तुमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही. तुम्ही जी जपायला निघालात ती आईंची गाडी, आणि आईंच्या गाडीला डावा दिवा पिवळाच होता.

तुमची गाडी १९६० ची असल्यानं दारांमागच्या खांबात बाहेर पडणारे इशाऱ्याचे हात असणार. लुकलुकणारे इंडिकेटर मायनरवर १९६१ मध्ये आले. ते हात जरूर चालू करा, पण आजच्या वाहतुकीत मागच्याला ते दिसत नाहीत. जोडीला छोटे इंडिकेटर लावा, नवं भोक न पाडता, जुन्या ब्रॅकेटला धरून, उद्या काढले तर खूण राहू नये असे. वायरिंग करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचं इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटं जोडलं तर क्षणात जळतं.

ज्यांच्याकडे दुर्मीळ गाडी आहे त्या वाचकांसाठी दोन शब्द. मायनर सोळा लाखांहून जास्त बनल्या. दहा लाखावी तुमच्या गाडीच्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये बाहेर पडली आणि तो पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. अशा गाडीत एक सिलिंडर नवं घातल्यानं इतिहासाचं काही बिघडत नाही. पण मोजक्याच बनलेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडीवरचे नंबर, काचांवरचे ठसे, मूळ रंगाचा शिल्लक तुकडा हे सगळं पुरावा असतं. तिथे बदलण्याआधी थांबायचं आणि जाणकाराला दाखवायचं. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना एफआयव्हीए १९६६ सालची आहे. तिनं २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद रिप्रॉडक्शनला मनाई करत नाही. नवा भाग ओळखता यावा अशी टिकाऊ खूण करा, काढलेला मूळ भाग गाडीबरोबर जपा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा, असा तिचा आग्रह आहे. हे साध्या गाडीलाही लागू करा. एक वही घाला. कोणता भाग, कधी, कुठला, का बदलला. काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. फोटो काढा. फोन बदलतात, वही टिकते.

दादांशी कसं बोलावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या मागे तेच दिसतंय. त्यांना 'तुझं खोकं चालणार नाही' असं सांगू नका. त्यांच्यापुढे ते उघडा, कप हातात द्या आणि दुमडायला सांगा. मग सिलिंडरची बॉडी त्यांनाच तपासू द्या. शोधायची त्यांची जी चिकाटी आहे, ती मेकॅनिककडे नाही आणि तुमच्याकडेही नसावी. ट्रनियन, स्मिथ्सच्या मीटरची तबकडी, मूळ हबकॅप, इशाऱ्याच्या हाताची अंबर काच, हे ज्याच्यापाशी धीर आहे त्यालाच सापडतं, आणि यांतल्या ट्रनियनखेरीज कशासाठीही गाडी अडून राहात नाही. गाडी चालू झाल्यावर वर्षाला एक-एक गोष्ट ते आणतील आणि बसवतील. दोन वर्षं ठोकळ्यांवर उभी राहून तिचं नुकसानच होतंय. सील वाळतात, टाकीत गंज धरतो, क्लचप्लेट चिकटते.

क्रम असा धरा. आधी खालचा पत्रा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग पेट्रोलच्या नळ्या आणि वायरिंग. मडगार्डं त्यानंतर. ब्रेक जोडून झाले की पेडल जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवायचं. तसूभरही खाली जाता कामा नये. रात्रभर चाकांखाली कागद पसरून ठेवा, सकाळी थेंब दिसतो का बघा. शंभर किलोमीटर झाल्यावर ड्रम पुन्हा उघडा.

आणि लाईनमधली हवा काढताना एकजण चाकाशी नट सोडायला लागतो आणि दुसरा आत पेडलवर. नट तुम्ही घ्या किंवा दादा घेऊ देत. पेडलवर आईंना बसवा. ते कुठपर्यंत जायचं आणि कुठे घट्ट लागायचं, हे त्यांच्या पायाला तीस वर्षं माहीत आहे.